वैद्यकीय कॅनाबिसची सुरक्षितता रुग्णनोंदींतून तपासताना

औषधाचं नाव टाकून क्वेरी चालवली की रुग्णांची यादी तयार, असं नव्या माणसाला वाटतं. कॅनाबिसची, म्हणजे गांजाच्या झाडातल्या घटकांवर आधारित औषधांची, यादी मात्र पहिल्याच दिवशी फसते. एटीसी या औषधांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही औषधं एका घरात राहत नाहीत. सीबीडी (कॅनाबिडिऑल, कॅनाबिसमधला नशा न आणणारा घटक) अपस्माराच्या औषधांत, नाबिक्सिमोल्सचा तोंडात मारायचा स्प्रे वेदनाशामकांत, तर ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन उलट्यांवरच्या औषधांत. परवाना नसलेल्या तेलांना बरेचदा कोडच नसतो. डॉक्टर ती फ्री टेक्स्टमध्ये सुचेल त्या स्पेलिंगने टाइप करतात.

म्हणून मजकुरात शोधायला जावं, तर वेगळाच घोळ. ‘कॅनाबिस’ शोधलं की नशेसाठी ओढणारे हाती लागतात. ‘सीबीडी’ शोधलं की सोनोग्राफीचे रिपोर्ट येतात, कारण पित्तनलिकेसाठीही तीच तीन अक्षरं वापरतात. ‘सीबीडी ७ मिमी’ हा कुणाचाही डोस नव्हे! शब्दाशेजारी मिग्रॅ, मिली, थेंब किंवा स्प्रे आहे का, ते तपासा. निवडलेल्यांपैकी शंभरेक नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे वाचाव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

आता डोस. ‘०.५ मिली दोनदा’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. तेल १०० मिग्रॅ/मिलीचं असेल तर दिवसाला १०० मिग्रॅ, २५चं असेल तर २५. नाबिक्सिमोल्सच्या एका फवाऱ्यात टीएचसी (कॅनाबिसमधला नशा आणणारा घटक) २.७ आणि सीबीडी २.५ मिग्रॅ. दोन्ही घटकांसाठी वेगळे रकाने ठेवा, कारण गुंगी, चक्कर आणि भ्रमाचा संशय आला की प्रथम टीएचसीचा आकडा बघावा लागतो. अपस्मारातलं शुद्ध सीबीडी वजनावर देतात, सुरुवात २.५ मिग्रॅ/किलो दिवसातून दोनदा. मुलाचं वजन वर्षभर जुनं असेल तर सगळा हिशेब कोसळतो.

‘नवा रुग्ण’ ठरवताना मागच्या १२ महिन्यांत हे औषध नाही, एवढं पुरत नाही. त्या काळात तो या नोंदव्यवस्थेत होता का, हेही बघा. नाहीतर दुसरीकडून औषध चालू ठेवून आलेला माणूस नवा म्हणून मोजला जातो.

सगळ्यात जास्त वेळ यकृताच्या चाचण्यांना द्या. सीबीडीने एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढू शकतं, सोबत व्हॅलप्रोएट हे अपस्माराचं औषध असेल तर धोका जास्त. चाचणी सुरुवातीआधी आणि मग १, ३, ६ महिन्यांनी अपेक्षित असते. प्रयोगशाळांच्या मर्यादा वेगवेगळ्या, म्हणून कच्चा आकडा न घेता त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या किती पट, ते काढा. तिप्पट ओलांडली की नोंद तपासणीला काढा. आणि चाचणी झालीच नाही म्हणजे निकाल ठीक, असं कधीही धरू नका. रिकामा रकाना रिकामाच ठेवा. क्लोबाझॅम हे अपस्माराचंच औषध घेणाऱ्यांत सीबीडीमुळे त्याचा सक्रिय चयापचयज (शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ) सुमारे तिपटीने वाढतो. तिथे पेंगणं आणि पडणं शोधा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) बघा.

तुलना करताना त्याच रुग्णाचा आधीचा आणि नंतरचा काळ घेणं सोयीचं, पण त्रास वाढल्यावरच लोक हे औषध मागतात. सुरुवातीआधीचे ३० दिवस बाजूला काढले नाहीत तर कॅनाबिस उगाच सुरक्षित दिसतं. बाहेरच्या क्लिनिकने लिहिलेलं औषध तुमच्या नोंदीत येतच नाही. अशा रुग्णाला ‘न घेणारा’ म्हणून तुलनेच्या गटात टाकलं, तर तिथेही निकाल त्याच दिशेने झुकतो.