पायाने चालणारी मोटर-सिरिंज बनवताना या चुका टाळा

सोनोग्राफीचा प्रोब एका हातात आणि सुई दुसऱ्या हातात धरलेल्या डॉक्टरांकडे दट्ट्या दाबायला तिसरा हात उरत नाही. म्हणून दट्ट्या मोटरने सरकवावा आणि मोटर पायाने चालवावी, ही कल्पना अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना चटकन आवडते. इंदुरात अशा गटांना मी कार्यशाळेत मदत करत आलो आहे, आणि बहुतेक गट पहिल्याच दिवशी मोटर निवडायला बसतात. घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. सिरिंज हाताने दाबताना दट्ट्या अडला, सुई तुंबली किंवा आत हवा राहिली, तर ते अंगठ्याला लगेच कळते. मोटरला यातले काहीही कळत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका याच फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

मात्रेचा हिशोब

बाजारात सहज मिळणाऱ्या टी८ लीड स्क्रूच्या (मोटरने फिरणारा, नटाला पुढे-मागे सरकवणारा आटेदार दांडा) दोन आट्यांमधले अंतर २ मिमी असते, परंतु त्यावर चार आटे एकत्र गुंफलेले असल्यामुळे एका फेरीत नट ८ मिमी सरकतो. स्टेपर मोटर ठरावीक पायऱ्यांनी फिरते; एका फेरीत २०० पायऱ्यांची अशी मोटर प्रत्येक पायरीचे १६ सूक्ष्म भाग करून चालवली, तर १ मिमी अंतराला ४०० स्पंद (विजेचे ठोके) लागतात. जो गट २ मिमी धरून १६०० स्पंद लिहितो, त्याची सिरिंज १ मिलीच्या जागी ४ मिली सोडते. ही चूक निदान पहिल्याच चाचणीत उघडी पडते. नळीच्या व्यासाची चूक मात्र लबाड असते. दवा बाजारातून आणलेल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या १० मिलीच्या सिरिंजांचा आतला व्यास सारखाच असेल असे नाही. हिशोब १४.५ मिमीवर केला आणि नळी १५.५ मिमीची निघाली, तर प्रत्येक मात्रा सुमारे १४ टक्के जास्त जाते आणि पडद्यावर मात्र आकडा बरोबरच दिसतो. त्यामुळे यंत्र कोणत्या सिरिंजसाठी आहे हे त्यावर लिहावे आणि त्या सिरिंजमधून सोडलेले पाणी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वारंवार तोलून पाहावे.

पेडल सोडले तरी थेंब का पडतो

पेडल दाबल्यावर क्षणभर काहीच येत नाही, मग एकदम धार सुटते आणि पाय उचलल्यावरही दोन-तीन थेंब पडत राहतात, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक गट घेऊन येतो आणि लगेच कोड बदलायला लागतो. खरे कारण बहुधा कोडमध्ये नसते. दट्ट्याचे रबर नळीला चिकटून बसलेले असते, ते सुटेपर्यंत जोर साठत जातो. आत हवेचा बुडबुडा असेल तर तो स्प्रिंगसारखा दबतो, आणि मऊ, लांब नळी जोडली असेल तर तीही फुगते. मोटर थांबली तरी हा साठलेला दाब सुईवाटे बाहेर पडत राहतो. म्हणून आधी हवा काढावी, जोडनळी आखूड आणि कडक घ्यावी, आणि त्यानंतरच थांबताना दट्ट्या किंचित मागे घेण्याचा विचार करावा, तोही मोजून. कारण जास्त मागे घेतल्यास सुईत रक्त ओढले जाते.

याच दाबाचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दट्ट्यावर ५० न्यूटन जोर असेल आणि सुई तुंबलेली असेल, तर १० मिलीच्या सिरिंजमध्ये सुमारे ३ बार दाब तयार होतो. तोच जोर १ मिलीच्या बारीक सिरिंजवर लावला तर दाब २९ बारच्या घरात जातो, कारण दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेनऊ पट लहान असते. सुई निसटणे किंवा जोड सुटणे अशा दाबाने सहज घडते. दट्ट्यामागे लोडसेल (जोर मोजणारा सेन्सर) बसवून मर्यादेपलीकडे मोटर थांबवणे हा सरळ उपाय आहे. मात्र लोडसेलचे संकेत वाचणारे एचएक्स७११ मॉड्यूल बहुधा सेकंदाला १० वाचनांवर बेतलेले मिळते, त्यामुळे ते ८० वर नेले नाही तर इशारा उशिरा येतो. शिवाय ड्रायव्हरची (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) विद्युतमर्यादा इतकीच ठेवावी की जोर वाढल्यास मोटर स्वतःच अडेल. अडलेल्या स्टेपरच्या पायऱ्या वाया जातात आणि कोड त्या मोजतच राहतो, म्हणून अडल्यानंतरचा मात्रेचा आकडा पुसून टाकावा.

पेडल

सर्वांत कमी विचार याच भागाचा होतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त याचाच व्हायला हवा. एकदा दाबले की चालू आणि पुन्हा दाबले की बंद, अशी रचना येथे करूच नये. पाय उचलला की मोटर थांबलीच पाहिजे. वेग बदलता यावा म्हणून पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर व्होल्टेज बदलणारा रोध) वापरणारे गट त्याच्या ग्राउंडची तार तुटल्यावर काय होते हे तपासत नाहीत. तेव्हा वाचन थेट कमालीवर जाते आणि पायाचा स्पर्शही नसताना दट्ट्या पूर्ण वेगाने धावतो. वाचन १० ते ९० टक्क्यांच्या बाहेर गेल्यास मोटर थांबवावी आणि मोटर चालायला परवानगी देणारा वेगळा स्विच पेडलमध्येच ठेवावा. पेडलसाठी हेडफोनचा जॅकही टाळावा, कारण तो घालता-काढताना संपर्क क्षणभर एकमेकांना चिकटतात. ए४९८८ ड्रायव्हरची एनेबल पिन (त्याला चालू-बंद करणारी) मोकळी सोडली तर तो चालूच राहतो, म्हणून वीज येताच दट्ट्या हलू नये यासाठी त्या पिनला पुल-अप रोध (पिन बंद स्थितीत धरून ठेवणारा) जोडावा.

पेडल जमिनीवर असते, तिथे पाणी सांडते आणि माणसे उभीही राहतात. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठीच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शस्त्रक्रियागृहासारख्या ठिकाणच्या पेडलला आयपीएक्स६ (जोरदार फवारा सोसणारे) इतके जलरोधन असावे लागते आणि त्याने १३५० न्यूटन भार सोसला पाहिजे. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या खोक्याकडून ही अपेक्षा ठेवू नये. ढकलण्याचे आणि ओढण्याचे पेडल आकाराने वेगळे असावे, कारण डॉक्टरांची नजर रुग्णावर असते, जमिनीवर नव्हे.

पीएलएचा (थ्रीडी छपाईतल्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा) भाग सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. मे महिन्यात आमच्या कार्यशाळेचा पत्रा तापलेला असताना मोटर थांबलेल्या अवस्थेतही पूर्ण विद्युतप्रवाहावर राहिली, आणि दुपारपर्यंत तिची चौकट वाकून दट्ट्या नळीत तिरका झाला. आम्ही दोन दिवस दोष कोडमध्ये शोधत होतो.

चाचणी नुसत्या पाण्यावर संपवू नये. घट्ट द्रवाला लागणारा जोर वेगळा असतो, त्यासाठी ग्लिसरीन आणि पाण्याची मिश्रणे पुरतात, आणि सुईचा सराव जिलेटिनच्या ठोकळ्यावर होतो. माणसावर, मग तो स्वतःचा हात का असेना, प्रयोग करू नये. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली येतात, आणि नैतिक समितीच्या संमतीवाचून रुग्णापर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या टोपलीत न टाकता पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकाव्यात आणि तो डबा जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांकडेच द्यावा.