डबल टँकची जुळणी कशी करावी: मॅनिफोल्डपासून होजपर्यंत

हौशी स्कूबा डायव्हिंगची खोलीची मर्यादा ४० मीटर मानली जाते. त्याहून खोल जाणाऱ्या, किंवा टप्प्याटप्प्याने थांबतच वर यावे लागेल अशा डाइव्हला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. तेथे काही बिघडले तरी सरळ पृष्ठभागावर येता येत नाही, म्हणून पाठीवर मॅनिफोल्डने, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हना जोडणाऱ्या नळीने, जोडलेले दोन सिलिंडर घेतले जातात. दुसऱ्या सिलिंडरमुळे हवा जास्त मिळते हे खरे असले तरी या रचनेचा मुख्य हेतू वेगळा आहे. एका बाजूचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा दाब कमी करून तोंडाशी देणारे साधन) किंवा व्हॉल्व्ह निकामी झाला, तर ती बाजू बंद करून उरलेली हवा वाचवता आली पाहिजे. हे काम डोक्यामागे हात नेऊन, न बघता करायचे असते. त्यामुळे जुळणी करताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: हे माझ्या हाताला सापडेल का?

येथे दिलेली माहिती प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. पहिली जुळणी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी.

सिलिंडरची निवड

युरोपीय पद्धतीचे १२ लिटरचे, २३२ बारचे (बार हे दाबाचे एकक) पोलादी सिलिंडर आणि ११.१ लिटरचे, २०७ बारचे अॅल्युमिनियमचे सिलिंडर हे दोन प्रकार सर्वाधिक वापरात आहेत. माझे मत असे की, आपल्याकडच्या उबदार पाण्यात पातळ वेटसूट घालून उतरणाऱ्याने अॅल्युमिनियमचा विचार आधी करावा. बारा लिटरचे दोन सिलिंडर २०० बारपर्यंत भरले, तर त्यांत सुमारे ४,८०० लिटर हवा मावते आणि लिटरला साधारण सव्वा ग्रॅम धरल्यास त्या हवेचेच वजन सहा किलोच्या आसपास होते. पोलादी सिलिंडर रिकामे झाले तरी पाण्यात बहुधा जडच राहतात; उलट अॅल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे होत आले की तरंगू लागतात. थंड पाण्यात उतरणाऱ्याकडे ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येणारा आणि हवा भरता येणारा सूट असतो आणि विंग (हवा भरून तरंगवणारी पाठीवरची पिशवी) फाटली तर तो सूट फुगवून वर येता येते. वेटसूट घातलेल्याकडे ती सोय नसते. विंग गेल्यावर केवळ पाय मारून वर येता येणार नाही इतके जड साहित्य त्याने पाठीवर घेऊ नये.

दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे आणि एकाच बनावटीचे असावेत. त्यांच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीखही पाहून घ्यावी.

बँड आणि मॅनिफोल्ड

काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही सिलिंडर पूर्ण रिकामे असल्याची आणि व्हॉल्व्ह उघडे असल्याची खात्री करावी. भरलेल्या सिलिंडरवर मॅनिफोल्डचा कोणताही भाग सैल करणे जिवावर बेतू शकते. सिलिंडरच्या मानेत व्हॉल्व्ह बसवण्याचे काम मात्र घरी न करता सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्यावे.

सपाट फरशीवर जुनी सतरंजी अंथरून दोन्ही सिलिंडर शेजारी-शेजारी आडवे ठेवावेत. दोन्ही सिलिंडर एकत्र आवळून धरणारे वरचा आणि खालचा बँड सैलसर चढवावेत. दोन्ही बँडच्या बोल्टमधले अंतर बॅकप्लेटच्या (पाठीला टेकणाऱ्या, पट्टे असलेल्या कडक पत्र्याच्या) भोकांशी जुळले पाहिजे. हे अंतर सर्वसाधारणपणे ११ इंच, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर असते. बँडचे नट-बोल्ट बदलायचे असल्यास मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करावी, पण ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्पष्टपणे मागून घ्यावे, कारण ३०४ दर्जाचे स्टेनलेस समुद्राच्या पाण्यात लवकर डागाळते. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा आणि घाईने फिरवला तर मध्येच जाम होतो आणि मग कापूनच काढावा लागतो. म्हणून आट्यांना थोडे वंगण लावून तो हळू फिरवावा.

आता मॅनिफोल्डची मधली नळी हातात घ्यावी. तिच्या मध्यभागी असलेली कळ म्हणजे आयसोलेटर; ती बंद केली की दोन्ही सिलिंडर एकमेकांपासून तुटतात. नळीच्या दोन्ही टोकांवरील ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बोटाच्या टोकाने चाचपाव्यात; चीर, चपटेपणा किंवा अडकलेला केस जाणवला तर ती ओ-रिंग बदलावी. वंगण लावायचेच तर ऑक्सिजनबरोबर चालणारे आणि नावापुरतेच लावावे. साधे तेल किंवा ग्रीस येथे कदापि वापरू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनच्या संपर्कात ते पेट घेऊ शकते.

बहुतेक मॅनिफोल्डमध्ये एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. त्यामुळे नळी फिरवली की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जवळ ओढले जातात. दोन्ही बाजूंना आटे सारखे लागले आहेत ना, हे पाहूनच पुढे फिरवावे. व्हॉल्व्ह मानेत पक्का बसलेला असल्याने त्याचे तोंड जुळवण्यासाठी अख्खा सिलिंडर बँडमध्ये थोडा थोडा फिरवावा लागतो आणि जुळणीतला सर्वांत जास्त वेळ येथे जातो. नळीवर कुठेही ताण राहता कामा नये. सिलिंडर समांतर आले, आयसोलेटरची कळ हाताला येईल अशी राहिली, की मगच बँडचे नट आळीपाळीने, दोन्हीकडे सारखे घट्ट करावेत. आधी बँड आवळून नंतर मॅनिफोल्ड जबरदस्तीने बसवला, तर गळती बहुधा तेथेच सुरू होते.

हात पोहोचतो का

बँडच्या बोल्टवर आधी विंग आणि त्यावर बॅकप्लेट चढवून वरून नट लावावेत. वेटसूट घालून, पट्टे बांधून बसावे आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या कळा व आयसोलेटर बोटांनी पकडून पाहावेत. नुसता स्पर्श होऊन भागत नाही, कळ पूर्ण फिरवता आली पाहिजे. हात पोहोचत नसेल तर बँड सिलिंडरवर दोन-एक सेंटिमीटर खाली सरकवावेत, म्हणजे सिलिंडर तेवढेच वर येतात. मात्र डोके मागे नेल्यावर ते मॅनिफोल्डवर आपटू नये. ही तडजोड प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे वेगळी असते. दुसऱ्याचे माप उतरवून घेऊन चालत नाही.

कोणता होज कोठे

उजव्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या रेग्युलेटरला सुमारे २.१ मीटरचा लांब होज (लवचीक नळी) आणि विंग फुगवण्याचा होज जोडावा. लांब होज उजव्या काखेखालून येतो, छातीवरून तिरका डाव्या खांद्याकडे जातो आणि मानेमागून वळून उजवीकडून तोंडाशी येतो. जोडीदाराची हवा संपली तर तोंडातला हाच रेग्युलेटर त्याला द्यायचा असतो. डाव्या व्हॉल्व्हवर राखीव रेग्युलेटरचा आखूड होज आणि प्रेशर गेज असावा. राखीव रेग्युलेटर इलॅस्टिकच्या दोरीने गळ्यात, हनुवटीखाली राहतो आणि गेज डाव्या कमरेच्या डी-रिंगला (इंग्रजी डी आकाराच्या कडीला) अडकवतात.

या वाटणीमागे कारण आहे. बुडालेल्या जहाजात किंवा गुहेत पुढे पोहताना व्हॉल्व्हची कळ छताला घासली, तर डावी कळ बंद होण्याच्या दिशेने फिरते आणि उजवी उघडण्याच्या दिशेने. म्हणून श्वास ज्यावर चालू आहे तो रेग्युलेटर उजवीकडे ठेवतात.

तपासणी

सिलिंडर भरून आल्यावर सर्व जोडांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे शोधावेत आणि मग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. आयसोलेटर पूर्ण उघडा आहे का, हे प्रत्येक वेळी हाताने पाहावे. तो बंद राहिला तर गेज फक्त डाव्या सिलिंडरचा दाब दाखवतो. डायव्हर मात्र उजव्या सिलिंडरमधून श्वास घेत असतो. काटा हलत नाही म्हणून हवा भरपूर आहे असे वाटते आणि उजवा सिलिंडर संपून जातो. हवा भरतानाही आयसोलेटर बंद राहिल्यास एकच बाजू भरते. त्यामुळे डाइव्हच्या पहिल्या काही मिनिटांत काटा खाली येत आहे ना, हे मुद्दाम बघावे आणि येत नसेल तर लगेच हात मागे नेऊन आयसोलेटर तपासावा.

मुंबईजवळचे पाणी गढूळ असल्याने कळा बंद करून उघडण्याचा सराव आधी तरणतलावात करावा. उजवी, मधली, डावी अशा एकेक कळा बंद करून पुन्हा पूर्ण उघडाव्यात आणि प्रत्येक वेळी कोणत्या रेग्युलेटरमधून हवा येते हे पाहावे. हात सरावला की डोळे मिटून हेच करावे.

घरी ठेवताना

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचे डायव्हिंग बंद असते आणि साहित्य काही महिने घरातच पडून राहते. मुंबईच्या दमट हवेत बँडच्या खाली मीठ आणि ओल साचते, म्हणून ठेवण्यापूर्वी बँड सैल करून ती जागा गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. त्यानंतर सिलिंडर अगदी रिकामे न करता २० ते ३० बार दाब शिल्लक ठेवून व्हॉल्व्ह बंद करावेत, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही.