बडोद्याहून व्हिएन्नाला जाताय? नुसडॉर्फची टीप

व्हिएन्नाच्या डॅन्यूबकाठच्या नुसडॉर्फ भागातले द्राक्षमळे पाहायचे तर चढू नका, उतरा. हायलिगेनश्टाट स्थानकाहून ३८ए बसने काहलेनबर्ग टेकडीवर (४८४ मीटर) जा आणि मळ्यांमधून खाली नुसडॉर्फपर्यंत चालत या. वाटेत नदी आणि शहर दोन्ही दिसतात. उतार चांगलाच आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना ट्रामने थेट खालीच न्या. परतीसाठी नुसडॉर्फहून डी ट्राम आहेच.

आपल्याच मळ्यातली वाइन विकणाऱ्या खाणावळीला हॉयरिगर म्हणतात. १७८४मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने मळेवाल्यांना ही मुभा दिली. दारावर पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसली की खाणावळ उघडी समजा. बऱ्याच जागा वर्षातले काही आठवडेच चालू असतात, म्हणून निघण्यापूर्वी तारखा बघाच.

वाइन टेबलावर येते, खाणं बहुतेक ठिकाणी काउंटरवरून आपण आणायचं. शाकाहारी मंडळी फसतात ती इथेच. बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी दिसतं, पण व्हिएन्नात ते पुष्कळदा गोमांसाच्या सुपात कालवतात. "मिट रिंडसुपे?" असं विचारून घ्या. ग्रामेलश्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी, ती लावलेला पाव टाळा. न पिणाऱ्यांनी ट्राउबेनझाफ्ट, म्हणजे द्राक्षाचा रस मागवावा.

शरद ऋतूत मिळणारी श्टुर्म म्हणजे कोवळी वाइन, ती अजून आंबतच असते. तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, बाटली पिशवीत आडवी घातलीत तर सगळं सांडेल. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली घरी आणू नका.