एका प्लायच्या शीटमधून कुलपाचं कपाट

नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. २०१९ च्या पुरात पाणी उंबरा ओलांडून आत आलं, तेव्हा आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, पत्र्याची ट्रंक पलंगाखाली होती. पासबुक, रेशनकार्ड, सासऱ्यांची जुनी पत्रं, सगळ्याचा लगदा झाला. जमिनीपासून वर राहील आणि जिची किल्ली फक्त त्यांच्याकडे असेल, अशी जागा त्यांना करून द्यायचीच हे तेव्हाच ठरवलं. गेल्या उन्हाळ्यात केलं. साडेचार हजारांच्या आत झालं.

आधी मी सगळं पॅकिंगच्या लाकडाचंच करायला निघाले होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेले पाइनचे पॅलेट भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. पण दाराच्या फळ्या आठ दिवसांत वाकल्या. म्हणून पॅलेट फक्त पायाला आणि आतल्या पट्ट्यांना वापरा. घेताना शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे तापवून कीड मारलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

बाकीचं सगळं १८ मिमीच्या ८ बाय ४ फुटी एका प्लायमधून निघतं. बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा, घ्या; आपल्याकडच्या पावसाळ्यात साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, प्लाय फुगतो. शीट दुकानातच कापून घ्या. लांबीत तीन पट्टे, प्रत्येक पावणेसोळा इंच रुंद. पहिल्या पट्ट्यातून साडेसत्तेचाळीस इंचाच्या दोन बाजू. दुसऱ्यातून सव्वासत्तेचाळीसचं दार, शिवाय साडेचौदा इंचाचे तीन तुकडे: छत, तळ आणि एक फळी. तिसऱ्यातून आणखी दोन फळ्या, उरलेला जपून ठेवा. पाठीला ६ मिमीचा साडेसत्तेचाळीस बाय सोळाचा तुकडा लागतो, तो दुकानातल्या उरलेल्या मालात मिळून जातो.

छत आणि तळ दोन्ही बाजूंच्या मध्ये बसवायचे. फेविकॉल लावायचा आणि बाहेरून दीड इंची स्क्रू मारायचे. प्लायच्या कडेत स्क्रू थेट घातला की थर उकलतात, म्हणून प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडाच. फळ्या आतल्या बाजूला ठोकलेल्या पट्ट्यांवर टेकतील.

पाठ लावायच्या आधी मात्र थांबा. फेविकॉल ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही ५० इंच १ सूत (इंचाचा आठवा भाग) यायला हवेत. माझ्यात तीन सुतांचा फरक निघाला. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दाबत गेले, दोन्ही माप सारखं आलं आणि मगच पाठ ठोकली. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर दार कधीच नीट मिटत नाही, आणि पाठ बसल्यावर ती सरळ करता येत नाही. पाठीला वर-खाली इंचभराची दोन-दोन भोकं ठेवा, श्रावणात आत बुरशी धरत नाही.

दाराला दोन सुट्या बिजागऱ्यांपेक्षा पूर्ण उंचीची पियानो बिजागरी लावा. वजन सगळ्या स्क्रूंवर वाटलं जातं.

कुलपासाठी कडी-कोयंडा नको. त्याचे स्क्रू बाहेर असतात, पेचकस घेऊन कुणीही काढेल. कपाटाचं कुलूप दाराच्या आतून बसतं. ते दाराच्या कडेपासून पाऊण इंच आत ठेवा आणि उंची अशी धरा की ते दोन फळ्यांच्या मध्ये येईल. जीभ कुठे जाणार हे मोजत बसू नका. जिभेच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार मिटा, किल्ली फिरवा. बाजूच्या प्लायवर ठिपका उठेल, तिथेच पटाशीने खाच पाडा. ही युक्ती आईंचीच, कुंकूही त्यांच्याच करंड्यातलं.

रंगाच्या आधी कापलेल्या सगळ्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या, तळाला तीन. प्लाय पाणी पितो तो कडेतून. पॅलेटचे चार इंची ठोकळे खाली स्क्रूने बसवले की कपाट फरशीच्या ओलीपासून सुटतं. तरीही कागद वरच्याच फळीवर ठेवा. पूर चार इंचांत थांबत नाही.

अरुंद आणि उंच कपाट दार ओढल्यावर पुढे येतं. घरात लहान मूल असो-नसो, ते वरून भिंतीला अँगलने बांधायलाच हवं. आमच्यासारख्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, म्हणून मी अँगल लाकडी खांबाला मारला. किल्ल्या दोन मिळाल्या होत्या. दोन्ही आईंना दिल्या.