संकटात देवापाशी जागं कसं राहायचं
गेल्या पावसात बाबा आयसीयूत होते तेव्हा पहिल्या तीन रात्री मी हॉस्पिटलच्या खुर्चीत टक्क जागी, पण देवाचं नाव एकदा पण तोंडात आलं नाही, नुसतं त्या आजाराचं गुगल करत बसलेले.

चौथ्या दिवशी गोव्यातल्या वास्कोच्या मावशीचा फोन आला, म्हणाली, "एकटीनं अखंड होत नाही गो, वाटून घे." वास्कोचा दामोदर सप्ताह माहीत असेलच, श्रावण शुद्ध सप्तमीला सुरू होतो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गावात साथ आली तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून भजन धरलं, ते अजून चालू आहे. 24 तास भजन खंडत नाही पण गाणारे बदलत राहतात, हेच धरायचं. आम्ही पण तसंच केलं, दहा वाजता भाऊ, बारा वाजता वहिनी घरी देवापुढं, साडेचारला मी, प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि संपलं की ग्रुपवर "झालं" एवढाच मेसेज. बाकीचा वेळ बिनधास्त झोपा, झोप मोडून पुण्य लागत नाही.

काय बोलायचं सुचत नसेल तर गाऱ्हाणं घाला. पेडण्याकडं देवळात घालतात ना, एकजण मोठ्यानं सगळं सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसं. रिपोर्टमधले आकडे, बिलाची काळजी, डॉक्टरवरचा राग, सगळं साध्या शब्दांत सांगायचं. मी भावाला फोन लावून घातलं, तो पलीकडून व्हय म्हणाला आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

एक मात्र करू नका, घाबरून रोज प्रसाद लावायला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचा कौल विचारायला, धावू नका. उजवी पाकळी पडली की आनंद, डावी पडली की दुसऱ्या देवळात, यात प्रार्थना राहते बाजूला. एकदा कौल घेतला ना, मग पुरे.

मोबाईल त्या पंधरा मिनिटांत पिशवीत. जपमाळ नसली तरी चालतं, अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजा, एका हाताची बारा, नऊ फेऱ्या केल्या की 108. मध्येच डुलकी लागून मोजणी चुकली तर वाईट वाटून घेऊ नका, परत करंगळीपासून सुरू करा.