इरोको: नावाने साग, कुळाने फणस

‘आफ्रिकन साग’ म्हणून विकले जाणारे इरोको हे लाकूड प्रत्यक्षात सागाच्या कुळातील नसून आपल्या परसातल्या फणसाच्या कुळातील आहे, आणि कोकणातील ज्या सुताराचा हात फणसावर बसला आहे, त्याला ताजे कापलेले इरोको पिवळसर दिसून पुढे उजेडाने तपकिरी होत जाते याचे नवल वाटणार नाही. पश्चिम ते पूर्व आफ्रिकेत वाढणाऱ्या या वृक्षाचे वाळलेले लाकूड घनमीटरला साधारण ६५० किलो भरते. त्याचा गाभा सहजासहजी कुजत नाही, म्हणून होड्या, दारे-खिडक्या आणि पावसात उघड्यावर राहणारी बाके यांसाठी ते वापरतात. कडेचा फिकट भाग मात्र टिकत नाही, तो काढूनच टाकावा.

खरी काळजी घ्यावी लागते ती हत्यारांची. या लाकडात कधीकधी चुन्याचे दगडासारखे कठीण खडे दडलेले असतात आणि त्यांवर रंध्याचे पाते क्षणात बोथटते. शिवाय तंतू उलटसुलट गुंतलेले असल्याने पाते धारदार ठेवून अगदी पातळ सोलपट काढावे, नाहीतर पृष्ठभाग उचकटतो. भुशाने त्वचेला खाज सुटते, दम्याचा त्रासही होऊ शकतो. त्यामुळे मास्क लावल्याशिवाय घासकाम करूच नये.

आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळे लवकर गंजतात, तेव्हा जोडकामासाठी पितळी किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत.