सोलापुरातल्या लॅबसाठी मॅकवर कॅशिंग

आयपॅड-मॅकची अपडेट प्रत्येक उपकरणाने वेगळी उतरवू नयेत, म्हणून लॅबमधला एक मॅक कायम चालू ठेवा आणि राउटरला केबलनेच जोडा. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग इथे जाऊन ‘कंटेंट कॅशिंग’ सुरू करा, म्हणजे एकदा उतरलेली अपडेट हा मॅक साठवून (कॅश करून) बाकी उपकरणांना देतो. ऑप्शन्समध्ये जागेची मर्यादा घाला, नाहीतर डिस्क भरत जाते. मॅक झोपी गेला की सेवा थांबते. स्लीप बंदच ठेवा.

सर्वाधिक घोळ दोन इंटरनेट जोडण्यांमुळे होतो. मॅक एका सार्वजनिक आयपीवरून (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून) आणि आयपॅड दुसऱ्यावरून बाहेर पडले, तर त्यांना कॅश आपोआप सापडत नाही. दोन्ही एकाच जोडणीवर आणा. ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या ‘कॅश’ टॅबमध्ये आकडे वाढतात का, ते पाहा.

सोलापूरचा मे महिना कडक. मॅक बंद कपाटात कोंडू नका. राउटर, स्विच आणि मॅक, तिन्ही यूपीएसवर हवेत.